डोळ्यांचं तेवढं लिहून द्या

नाही, खोटं लिहा असं मी कुठे म्हणतेय — डॉक्टर, तुम्ही पेन खाली ठेवू नका ना, आधी ऐकून तर घ्या. मी एवढंच म्हणतेय की जे काही लिहाल त्यात 'गाडी चालवण्यास योग्य नाही' एवढे शब्द आले की माझं काम झालं. कारण तुम्हाला हवं ते द्या. नंबर वाढलाय लिहा, मोतीबिंदू लिहा, अंधारात कमी दिसतं लिहा, तुमच्याकडे काय कमी शब्द आहेत. थेंब घातलेत ना त्यांना आत्ताच? बाहुल्या मोठ्या व्हायला वेळ लागेल म्हणालात, बाहेरही कुणी पेशंट नाही, मग बसा की जरा. आतल्या खोलीत ऐकू जात नसेल ना इथलं? — नाही, तिखट कानाचे आहेत ते. इंजिनातला बारीकसा आवाज बदलला तरी चालता चालता सांगतात, पट्टा सैल झालाय म्हणून. हळूच बोलते.

आमच्या संस्थेची व्हॅन चालवतात ते. चालता न येणारी, बोलता न येणारी मुलं आहेत आमच्याकडे, सकाळी घरून आणायची, दुपारी घरी सोडायची. प्रत्येक दारापाशी एक ठरलेला हॉर्न वाजवतात, या दारी दोन छोटे, त्या दारी एक लांब, म्हणून मुलांनी नाव ठेवलं भोंपूकाका — ज्यांना बोलता येतं त्या मुलांनी. आणि मी म्हणजे मनुष्यबळ विभाग. विभाग म्हणजे मी एकटी आणि एक कपाट, त्या कपाटातही अर्ध्या भागात लोकर भरलेली असते, हस्तकलेच्या बाईंची. देणगीदार म्हणाले, एवढी माणसं आहेत, तर कुणीतरी माणसं सांभाळणारं ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी विचार करावा लागेल. म्हणून मला घेतलं. त्याआधी मी टायरच्या कारखान्यात होते. आमच्या घरचे हसतात मला. म्हणतात, तिथे तू माणसं काढायचीस, इथे तुला स्वतःच्या कपाटातली लोकर काढता येत नाही. हसू दे. पण खोटं आहे का? खोटं नाही.

तुम्हाला वाटत असेल, एवढं काय त्यात — वय झालं, सांगायचं काका आता थांबा, एक छोटा समारंभ करायचा, संपलं. कारखान्यात असंच होतं. एक खोली, एक टेबल, समोर माणूस, मी बोलायचे, तो ऐकायचा, वाईट वाटायचं त्याला, मलाही वाटायचं, विश्वास ठेवा, पण बोललं जायचं. इथे तसं नाही. इथे गोल आहे. गोल म्हणजे — सगळे खाली गोल करून बसतात, संस्था चालवणाऱ्या मोठ्या ताईंपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत, आणि एक लोकरीचा चेंडू फिरतो. चेंडू ज्याच्या हातात त्यानेच बोलायचं. आणि कुणाबद्दल काही बोलायचं असेल तर आधी त्याच्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची, मग तक्रार. ऐकायला किती छान वाटतं ना? मलाही वाटलं होतं पहिल्या दिवशी, डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या. पण होतं काय, चांगली गोष्ट सांगता सांगता माणूस इतका विरघळतो की तक्रारीपर्यंत पोचतच नाही. व्यायामाचे सर रोज उशिरा येतात, आया मुलांना कडेवर घेऊन फाटकाशी ताटकळतात. तो विषय गोलात गेला. सर किती प्रेमाने पाय हलवतात मुलांचे, सर किती गोड गातात — अख्खी दुपार गेली. शेवटी काय ठरलं माहितीय? सकाळची वेळच पुढे ढकलायची. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी सुद्धा. मी तिथे बसून स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होते. आणि सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय काही ठरत नाही, एक जरी नाही म्हणाला तरी नाही. म्हणजे ज्याला थांबवायचं त्याचंही 'हो' लागतं. तो समोरच बसलेला असतो हो, चेंडू त्याच्याही हातात येतो. सांगा आता तुम्ही, अशा ठिकाणी मी काय माणसं सांभाळणार. एकच गोष्ट माझी पार पडली आजवर, बाळंतपणाची रजा. सहा महिने, पूर्ण. त्यावर सगळ्यांचं लगेच एकमत झालं, आणि आता बघा, त्याच रजेने माझा गळा धरलाय.

सांगते ना. गाडीत मुलांबरोबर एक मदतनीस असते, पट्टे बांधायला, तोंड पुसायला. चुणचुणीत मुलगी आहे. उद्यापासून ती रजेवर. आता रजा तिची हक्काची, मीच मिळवून दिलेली, पण डॉक्टर, ती मुलगी मागे बसून काकांना वळणं सांगत होती. रोज. काका आता डावीकडे, काका आता शाळेचं फाटक आलं. मुलांशी बोलल्यासारखं, गाण्यासारखं, की कुणाला वाटावं खेळ चाललाय. मला मागच्या आठवड्यात कळलं, संध्याकाळी घरी निघताना रडत रडत सांगितलं तिने, बाई माझ्यामागे कुणीतरी सांगणारं बसवा. गोलात का नाही बोललीस म्हटलं तर म्हणाली, काकांनी मला लेकीसारखं वागवलंय, चेंडू हातात घेऊन मी काय बोलू. उद्यापासून नवीन मुलगी येणार, तिला रस्तेच माहीत नाहीत. आणि गाडीतली बहुतेक मुलं तर — त्यांना दिसत असेल की रस्ता चुकतोय, पण सांगणार कशी? हात हलवतील फार तर. म्हणून तुमच्याकडे आणलं. आज मुलांना सुट्टी. काकांना सांगितलं, मला चष्म्याला जायचंय, सोडता का, आणि आलोच आहोत तर तुम्हीही दाखवून घ्या. हसले. चला म्हणाले. येताना शेजारी मी बसले होते, आता उजवीकडे, आता सरळ, मीच सांगत होते सगळं.

मोठ्या ताई? मोठ्या ताईंपुढे काय बोलणार. संस्थेला जागा नव्हती, गाडी नव्हती, तेव्हा पहिलं मूल काकांनी आपल्या मालवाहू टेम्पोत बायकोच्या मांडीवर बसवून आणलेलं. ताई म्हणतात, हा माणूस गेला तर संस्था म्हणजे काय उरते, विटा? आणि माझ्याकडे अशा बघतात की जसं काही मी कारखान्यातून अजून बाहेरच पडले नाहीये. पण गोलात परवा, काका गाडी घेऊन बाहेर होते तेव्हा, शेवटी एवढं तरी झालं की डॉक्टरांनी लिहून दिलं तर ताई मानतील. दृष्टीचं लिहून आणा, मी स्वतः त्यांना समजावते म्हणाल्या. आणि त्यांना घरी नाही बसवायचं हो आम्हाला, ते कुणाच्या मनातही नाही. फाटकावर बसवू, मुलांना आत घेतील, बाहेर जाणाऱ्यांवर लक्ष ठेवतील. खुर्ची, पंखा, सगळं ठरलंय. राहिलंय फक्त तुमचं. — झाले का थेंब? जा, बघून या. मी बसते. सावकाश बघा, नीट बघा, मागचा पडदा की काय तेही बघा.

…

झालं? या, बसा. बराच वेळ लागला. बोलतात ना ते छान, एकदा सुरू झाले की — काय म्हणालात?

साफ म्हणजे?

नाही, थांबा, किंचित मोतीबिंदू आहे म्हणालात ना, मग तोच तर — वयाचा म्हणजे काय, वयाचाच असतो ना मोतीबिंदू, लहान मुलांना थोडाच होतो. शेवटची ओळ वाचली? चष्मा लावून? बरं, वाचली असेल. फळ्यावरची अक्षरं उभ्या उभ्या कुणीही वाचेल डॉक्टर, धावत्या गाडीतून दिसणं वेगळं. मी तुम्हाला सांगते काय झालंय ते, मग तुम्हीच ठरवा. आमची जागा बदलली, बरेच दिवस झाले आता, जुन्या इमारतीत गाद्यांचं दुकान आलंय. एका सकाळी, ती मुलगी वळणं सांगायला लागली त्याच्या आधी, काका सगळी मुलं घेऊन तिथे जाऊन उभे. फाटक उघडा म्हणून हॉर्नवर हॉर्न. दुकानदार बाहेर आला, तो भला माणूस, त्याने मला फोन केला. आता एवढी मोठी पाटी दुकानावर, लाल अक्षरांत, ती दिसली नाही तर याला डोळे नाही तर काय म्हणायचं? — हो, विचारलं ना मी. मी तिथे पोचले तेव्हा गाडीतच बसले होते. मला म्हणाले, बघा ना बाई, आपल्या फाटकावर कुणीतरी गाद्यांची जाहिरात लावून ठेवलीय, आधी ती काढायला सांगा.

म्हणजे वाचली होती.

हो. बरोबर आहे. पाटी वाचली होती त्यांनी.

बरं ते सोडा. दुसरं घ्या, माणसं ओळखू येत नाहीत त्यांना. मला अजून 'नवीन बाई' म्हणतात. नवीन बाई, आज आलात का, पहिला दिवस का, बसा, चहा सांगतो. सहा वर्षं होतील मला, डॉक्टर. आधी वर्षातनं एखादेवेळी म्हणायचे, आम्ही हसायचो, त्यांची चेष्टाच वाटायची, आता रोज म्हणतात. चेहरा दिसत नसणार, दुसरं काय. — नाही, साडी ओळखतात. परवा म्हणाले, ही निळी तुम्हाला शोभते, काठाला उसवलीय बघा जरा. उसवली होती खरंच, बोटभर. मला दिसली नव्हती. त्यांनीच टाके घालून दिले, गाडीच्या सीटची कव्हरं तेच शिवतात ना, सुई दोरा कायम खिशात. दोरा? स्वतःच ओवतात. एका झटक्यात.

तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. मला कळतंय तुम्ही काय विचारताय. पण डोळ्यांचं मी नाही काढलं. गोलात काढलं गेलं ते. गाद्यांच्या दुकानानंतर आम्ही सगळे बसलो, चेंडू फिरला, कुणी म्हणालं काकांनी माझ्या आजारात रात्री गाडी काढली, कुणी म्हणालं काकांचा हॉर्न ऐकला की माझं मूल हसतं, सगळं खरं, एक शब्द खोटा नाही. आणि पुढे कुणी बोलेना. चेंडू नुसता या हातातून त्या हातात. मग तो काकांकडे आला, आणि काकाच म्हणाले, डोळे जरा दगा देतात हल्ली. असे सगळ्यांचे खांदे खाली आले, डॉक्टर. मोठ्या ताईंचे सुद्धा. एवढंच होय, चष्मा करू की! लगेच चष्मा केला. नंतर पुन्हा काही झालं, तर काचा बदलल्या. पुन्हा झालं, तर म्हणे फ्रेम जड आहे. आमच्याकडे डोळे खराब असणं चालतं, गुडघे चालतात, कंबर चालते, त्यात माणसाचा काय दोष. बाकीचं कुणी बोलत नाही. ते टोचतं ना.

पुन्हा झालं म्हणजे — काही नाही. किरकोळ.

किरकोळ नाही. तुम्ही बाहेर बोलणार नाही ना? मदतनीस मुलीला ताप होता त्या दिवशी, काका एकटे गाडी घेऊन गेले. मी नको म्हटलं होतं, पण गोल बसवायला वेळ नव्हता आणि दारोदारी आया वाट बघत होत्या. एक छोटी आहे आमची, तिला आम्ही फुगेवाली म्हणतो, गाल फुगवून बोलते ती सगळं, हो म्हटलं तर एक गाल, नाही म्हटलं तर दोन्ही. तिला काकांनी उचलून दाराशी ठेवलं, खुर्चीत नीट बसवलं, पट्टा लावला, हॉर्न वाजवला आणि पुढे गेले. घर बदललंय तिच्या आईवडिलांनी. पावसाळ्याच्या आधीच. ते जुनं घर होतं, तिथे आता कुणी राहत नाही. आई तिकडे नव्या दारात उभी. इकडे ही बंद दारासमोर. शेजारच्या म्हाताऱ्या बाई कचरा टाकायला बाहेर आल्या म्हणून दिसली. दोन्ही गाल फुगवलेले होते म्हणाल्या, पार लाल झाले होते, त्यांना वाटलं पोर काहीतरी गमतीत करतेय.

काका? विचारलं ना काकांना. अगदी नीट सांगितलं त्यांनी. हिरवं दार, दोन पायऱ्या, उंबऱ्याशी मोगऱ्याची कुंडी, आजी येते घ्यायला. सगळं बरोबर. त्या घराचं सगळं बरोबर. आजीला जाऊन वर्ष झालं. फुगेवालीच्या वडिलांना आमच्या ताईंनी सांगितलं, पत्त्याचा घोळ झाला. काका नसताना गोलात आम्ही ठरवलं की काकांना अपराधी वाटेल असं कुणी बोलायचं नाही. तेव्हाही चेंडू माझ्या हातात आला होता. मी काय बोलले असेन? मी म्हटलं, काका फार जीव लावतात मुलांना. आणि पुढे दिला. कारखान्यात मी दीडशे माणसांसमोर उभी राहून वाईट बातमी सांगितलीय हो, आवाज हलला नाही माझा.

तर आता समजलं ना मला कागद का हवाय? तुम्ही लिहा, ताई वाचतील, काका मान हलवतील, सगळ्यांचं एकमत होईल, उद्या गाडीवर दुसरा माणूस बसेल. कुणाला काही टोचणार नाही. दोन ओळी, डॉक्टर. तुमचं काय जातं? एका माणसाची अब्रू राहते, मुलं सुखरूप घरी जातात. यात पाप कुठे आहे ते दाखवा मला. — नाही लिहिणार? का नाही लिहिणार? तत्त्व म्हणून? तत्त्ववाले फार आहेत हो माझ्या आजूबाजूला, मी सकाळी त्यांच्यातच बसते, संध्याकाळी त्यांच्यातनंच उठते —

काय?

कोण म्हणालं?

आत? आत्ता, तुम्ही टॉर्च घेऊन गेलात तेव्हा?

काय म्हणाले, पुन्हा सांगा. त्यांच्याच शब्दांत सांगा. …डोळ्यांचं तेवढं लिहून द्या. …बाईंना एक कागद हवाय, फार दिवस अडकल्यात बिचाऱ्या. …मुलांना काही व्हायला नको. आणि बाकीचं? बाकीचं आमच्या घरी कळवू नका.

म्हणजे माझ्या चष्म्याच्या बहाण्याचं त्यांना कळलं होतं. गाडीत बसल्यापासून. मी उजवीकडे म्हणायचे, ते 'बरं' म्हणायचे. प्रत्येक वळणाला 'बरं'. मला वाटलं मी किती हुशारीने —

त्यांना किती दिवसांपासून माहीत असेल हो? नाही, तुम्ही कसं सांगणार. चेंडू हातात घेऊन 'डोळे' म्हणाले तेव्हाही माहीत असणार. आम्ही सगळे तोंडाकडे बघत बसलेलो, कुणीतरी काहीतरी बोला म्हणून. मग त्यांनीच आम्हाला शब्द दिला. आणि आम्ही लगेच चष्म्याच्या मागे लागलो.

हो, ऐकतेय मी. उपचार असतात. लवकर दाखवलं तर — हो. डोक्याचे डॉक्टर वेगळे. लिहून द्या ते नाव, ते लिहा. डोळ्यांचं नको. नको म्हणतेय ना. मी मागितलं होतं, मीच परत घेते. तुम्ही डोळ्यांचं लिहिलंत तर उद्या आमचे लोक ऑपरेशन ठरवतील, दोन महिन्यांत काका पुन्हा गाडीवर, हार घालून. नाहीतर फाटकावर. फाटकावर तरी काय म्हणून बसवणार होतो आम्ही — बाहेर जाणाऱ्या मुलांवर लक्ष ठेवायला, आणि त्यांचंच लक्ष कुठे गेलं तर? आणि घरी सायकलने जातात हो ते. एकटे. काकू पुढच्या खोलीत बसून वाट बघत असते. तिला कुणी काही सांगितलेलं नाही. तिला काय वाटत असेल, उशीर झाला की? डोळे?

गोल नाही बसवत मी यासाठी. ताई ओरडतील, ओरडू देत. गाडीची सोय मी करते उद्याची, मागे मी स्वतः बसेन वाटल्यास. ते माझं मी बघते.

आत काय करतायत ते? डोळे मिटून बसलेत? थेंबांमुळे उजेड सहन होत नाही म्हणून. किती वेळ राहील तसं? बरं. मग तसंच बसू दे त्यांना. दिवा लावू नका.

नाही, तुम्ही नका येऊ. तुम्ही सांगितलंत तर ते तुम्हालाही समजावतील, जसं आम्हाला समजावलं. मी सांगते. तुम्ही इथेच थांबा. हो, तुमचीच खोली आहे ती, माहितीय मला. तरी थांबा. कुणी आलं तर बसवून ठेवा, आणि मी हाक मारल्याशिवाय दार उघडू नका.